हाताची शुगर

महादेवने स्लिप काउंटरवर आपटली.

“हे अक्षर तुमचंच न्हवं?”

अक्षर माझंच होतं. ‘फास्टिंग शुगर – २८४’. खाली लॅबचा शिक्का आणि माझी सही.

“तुमी शुगर हाय म्हनालासा, म्हनून डॉक्टरनं गोळ्या चालू केल्या. आनि सोमवारी अण्णा गुळाच्या सौद्यात उभ्या उभ्या आडवं झालं. दवाखान्यात नेलं तर ते म्हनत्यात, शुगर कमी झालीया. लई कमी. मग खरं कोन सांगतंय? तुमी का ते?”

त्याच्या मागे बाकावर त्याचे वडील, मल्लाप्पा अण्णा बसले होते. पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे आणि उजव्या हाताला प्लॅस्टर. पडताना मनगट मोडलं होतं.

“आरं हळू बोल की,” अण्णा म्हणाले. “पावण्यांनी काय मुद्दाम केलंय व्हय?”

महादेवच्या ओरडण्यापेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. मी मुद्दाम केलं नव्हतं, हे खरंच होतं. पण काय केलं होतं, तेही मला अजून माहीत नव्हतं.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापुरात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. टेक्निशियन म्हणजे रक्त काढणारा, ते तपासणारा आणि आकडा लिहिणारा माणूस. त्या आकड्याचा अर्थ डॉक्टरने लावायचा. आमच्या लॅबच्या मालकीणबाई स्वतः पॅथॉलॉजिस्ट होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. कामाला कडक, स्वभावाने वाईट नव्हत्या.

त्या काळात ‘रुटीन चेकअप’ हा शब्द नुकताच शहरात रुळत होता. काही होत नसताना तपासणी का करायची, हे लोकांना पटत नसे. “दुखायला लागल्यावर बघू की,” हे उत्तर ठरलेलं. म्हणून आम्ही कॅम्प घ्यायचो. शुगर, बीपी, वजन. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा करावं एवढंच. कॅम्पमध्ये शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये नेणं परवडत नाही. नेमका तेव्हा एका कंपनीचा माणूस ग्लुकोमीटर घेऊन आला. हाताच्या तळव्यात मावेल एवढं मशीन. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, थोड्या वेळात आकडा येतो. आज ते घरोघरी असतं. तेव्हा आम्हाला ते जादूसारखं वाटलं होतं.

त्या हिवाळ्यात गुळाच्या बाजारात कॅम्प झाला. व्यापाऱ्यांनी सांगितलं, सौदा संपला की लोक मोकळे होतील, तेव्हा या. गुळाचा सौदा सकाळी असतो. गुऱ्हाळांवरून आलेले गुळाचे रवे रांगेत मांडलेले असतात. रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप. खरेदीदार रव्यापाशी थांबतो, कोपरा फोडतो, बोटांत चुरून कणी बघतो, चिमूट जिभेवर टाकतो आणि बोली लावतो. हमाल रवे उचलतात, रचतात. सकाळपासून सगळ्यांचे हात गुळात.

मी टेबल मांडून बसलो. रांग लांब होती. “रात्री जेवल्यापासून काही खाल्लंय?” “न्हाय.” “चहा?” “न्हाय वो.” बोटाला स्पिरिटचा कापूस, सुई, थेंब, पट्टी, आकडा, स्लिप. पुढचा.

आकडे मोठे येत होते. उपाशीपोटी शुगर एकशेदहाच्या आत हवी. इथे दोनशे, अडीचशे. हमालांची जास्त, खरेदीदारांची जास्त. हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींची मात्र बरोबर. रांगेतला एकजण म्हणाला, “एवढी शुगर? कसं काय वो?”

मी हसत म्हणालो, “गुळातली माणसं तुम्ही. दुसरं काय येणार?”

रांग हसली. मॅडम बीपीच्या टेबलावर होत्या, त्याही हसल्या. शेवटी त्यांनी छोटंसं भाषण केलं. गोडात काम करणाऱ्यांनी जास्त जपायला हवं, असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या त्या एका वाक्याने पुढचं सगळं झालं, असं मला आजही वाटतं. गुळात राहणाऱ्याला शुगर होणार, हे इतकं सरळ होतं की आकड्याकडे पुन्हा बघावं असं कुणालाच वाटलं नाही. मला तर वाटायलाच हवं होतं. नुसतं गुळात काम केल्याने शुगर होत नाही, हे मला शिकवलं होतं.

अण्णा त्या रांगेत होते. त्यांचं छोटंसं खरेदीचं दुकान होतं, बाप-लेक मिळून चालवायचे. मूळ गाव शिरोळच्या पलीकडचं, घरात बायको-मुलांशी बोलणं कानडीत. सौद्यात त्यांच्या जिभेला मान होता. शिरोळकडच्या काही जमिनी खारावल्यात, तिथला गूळ दिसायला पिवळाजर्द असतो पण मागून खारट लागतो. तो घेतला की पुढचं गिऱ्हाईक परत पाठवतं. अण्णांना तो चिमटीत कळायचा. ते रव्यापाशी थांबले की बाकीचे खरेदीदार त्यांच्या तोंडाकडे बघायचे, असं महादेवच मला नंतर म्हणाला.

आमची स्लिप घेऊन अण्णा त्यांच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर जुने, विश्वासातले. त्यांनी आमच्या आकड्यावर विश्वास ठेवला. २८४ बघून दोन वेळच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गूळ तोंडात घालायचा नाही.

अण्णांनी ते पाळलं. सौद्याला जायचे, रवा फोडायचे, चुरायचे आणि चिमूट महादेवच्या हातावर ठेवायचे. “बघ.” महादेव चाखायचा. त्याला काही कळायचं नाही. “गोड हाय,” म्हणायचा.

“गोड हाय म्हनं,” अण्णांनी त्या दिवशी बाकावरून मला सांगितलं. “गूळ गोडच असनार की. ह्येनं सांगितलं म्हनून रांगच्या रांग घेतली. सगळा खारट निघाला.”

“मग काय करू?” महादेव उसळला. “तुमी चाखायचं न्हाय, मला कळायचं न्हाय!”

आणि सोमवारी अण्णांचा उपास. गोळी सकाळी घेतली होती. ज्याला शुगर नाही त्याला शुगरची गोळी दिली, वर पोट रिकामं ठेवलं, तर रक्तातली साखर इतकी खाली जाते की माणूस घामेघूम होऊन कोसळतो. ते सौद्याच्या मधोमध रव्यांवर पडले. दवाखान्यात सलाईनमधून साखर दिली तेव्हा शुद्धीवर आले. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा नीट तपासून घ्या म्हणाले. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, आधी एवढी शुगर होती म्हणजे आहेच, डोस जास्त झाला असेल. तपासून या, मग कमी ताकदीची देतो.

म्हणून ते दोघं आले होते.

“आज काय तो निकाल लागू दे,” महादेव म्हणाला. “शुगर आली तर अण्णा घरात. सौदा बंद. आईनं तसं सांगितलंय.”

 अण्णा प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत बसले.

“उपाशी आहात?” मी विचारलं.

“व्हय.”

“सौद्यातनं आलाय ना? गूळ चाखला नाही ना?”

अण्णांनी मान वर केली. “शपथ सांगतो पावणं, जिभंला लावला न्हाय. निस्ता फोडून ह्येच्याकडं दिला.”

“अण्णा तसं न्हाईत,” महादेव लगेच म्हणाला. भांडत आलेला मुलगा इथे मात्र बापाच्या बाजूने होता.

आवाज ऐकून मॅडमनी आतूनच शिरेतून रक्त घ्यायला सांगितलं. मी दंडाला पट्टा बांधून डाव्या हाताच्या शिरेतून रक्त घेतलं. ते फिरवून, रसायन घालून, मशीनवर लावायला वेळ लागतो. महादेवला दम नव्हता. “त्या बारक्या मशीनवर बघा की, लगेच कळतंय.” मलाही धीर धरवत नव्हता. डाव्या हाताच्या बोटाला स्पिरिट लावलं, टोचलं, थेंब घेतला.

२३१.

महादेवने आकडा वाचला. “झालं,” एवढंच म्हणाला आणि खाली बसला. अण्णांनी विचारलं, “किती?” कुणी सांगितलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. डाव्या हाताने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली.

मी आत जाऊन शिरेतलं रक्त लावलं. आकडा आला ८८.

पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काही चुकलं. बाटली बदलली असेल. पण त्या सकाळी त्या वेळेला दुसरं कुणाचं रक्तच नव्हतं. परत लावलं. ९०. मॅडमना बोलावलं.

“पोवार, ग्लुकोमीटर बिघडलाय,” त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचून घेतली. ९४. मशीन ठीक होतं.

“मग?” मी म्हणालो.

 माझी नजर ट्रेमधल्या कापसावर गेली. अण्णांच्या बोटाला लावलेला. तो फिकट पिवळा झाला होता. मी उचलून वास घेतला. स्पिरिटचा वास उडाला होता. राहिला होता गुळाचा.

स्पिरिट जंतू मारतं. पण गूळ स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही. बोटाला लागलेला गूळ कापसाने निघत नाही, नुसता पसरतो. त्यावर सुई टोचून काढलेला थेंब गुळातून वर येतो. रक्त एवढंसं, त्यात गुळाचा अंशही पुरतो. आकडा वाटेल तिथे जातो.

हे काही मोठं शास्त्र नाही. गुळाचा डाग कशाने जातो हे घरातल्या कुणालाही विचारा. पाण्याने. आम्ही हाताला पाणी लावलं नव्हतं. बाजारात तर नळ लांब होता, तिथपर्यंत कुणाला पाठवायचं सुचलंच नव्हतं.

मी अण्णांना बेसिनपाशी नेलं. एक हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून त्यांचा डावा हात मीच साबणाने धुतला. नखांत गूळ होता, बोटांच्या पेरांवर होता. पाणी पिवळं गेलं. पुसून कोरडा केला आणि दुसऱ्या बोटाला टोचलं.

९१.

“म्हंजे?” महादेव म्हणाला.

“म्हणजे अण्णांना शुगर नाही. तेव्हाही नसणार.”

“मग ते दोनशे चौऱ्याऐंशी?”

“गुळाचे होते.”

महादेव माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हात उचलतो. उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, “माझा बाप मेला असता की वो.”

 

अण्णा मात्र आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. उलटा केला, सुलटा केला. “चाळीस वर्सं ह्यो हात असाच हाय,” ते म्हणाले. “कुनी कधी धू म्हनलं न्हाय.”

ते दोघं गेल्यावर मॅडमनी केबिनचं दार लावलं.

“त्या कॅम्पमध्ये किती जणांना आपण शुगर सांगितली?”

“बऱ्याच जणांना.”

“सगळे सौद्यातनं आलेले?”

“हमाल, खरेदीदार. हो.”

 त्या म्हणाल्या, “असं करू. मशीन खराब होतं म्हणून सांगू. फुकट परत तपासून देऊ.”

“मॅडम, मशीन बरोबर होतं.”

“मला माहीत आहे, पोवार. पण लोकांना काय सांगणार? स्पिरिटने गूळ जात नाही हे आम्हाला कळलं नाही, असं?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, रागावतील. त्या फक्त दमलेल्या होत्या. लॅबचं नाव त्यांनी एकटीने उभं केलं होतं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण सांगायला मी येते. तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की माफी मागत बसाल आणि तपासणी राहून जाईल.”

आम्ही परत गेलो. या वेळी दोन बादल्या, साबण आणि टॉवेल घेऊन. मॅडमनी सौद्याच्या कट्ट्यावर उभं राहून सगळं सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. बाजारात ते ऐकून जे व्हायचं ते झालं.

“आदी शुगर हाय म्हनून घाबरवलं, आता हात धुवा म्हनताय. उद्या पाय धुवायला लावशीला!”

“डॉक्टरीन बाई, माझ्या बायकोनं चा बिनसाखरंचा केलाय दोन महिनं. तिला कोन सांगनार?”

“आरं अण्णाची शुगर गेली म्हनं!”

“गेली न्हाय,” अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, “धुतली.”

त्यावर जे हसले ते थांबेनात. त्या हसण्यात आमची बरीच लाज निभावली. लोक रांगेत उभे राहिले, हात धुतले, बोटं पुढे केली. बहुतेकांचे आकडे बरोबर आले. काही जण आलेच नाहीत. एक हमाल चंदगडचा होता, हंगामापुरता आलेला. पहिल्या कॅम्पनंतर काही दिवसांत स्लिप घेऊन गावी गेला होता. त्याचं पूर्ण नावही कुणाला माहीत नव्हतं. त्याने कुणाला दाखवलं, गोळ्या चालू केल्या का, मला माहीत नाही. आजही नाही.

आणि एक अडतीवाले शेठ होते. शेतकऱ्याचा गूळ सौद्यात विकून देणारे. त्यांनी हात स्वच्छ धुतले, तरी आकडा २५० च्या वर आला. परत धुवायला लावले. परत तोच. मी शिरेतून रक्त घेतलं. लॅबमध्येही तोच. त्यांना खरोखर शुगर होती.

मी रिपोर्ट द्यायला स्वतः दुकानात गेलो. शेठनी वाचलाही नाही.

“आमची पन हाताचीच शुगर हाय वो,” ते म्हणाले आणि दुकानातले सगळे हसले.

“शेठ, ही शिरेतल्या रक्तातली आहे. हाताचा संबंध नाही.”

“मागं पन तुमीच शिक्का मारून दिलतासा न्हवं? त्यो खोटा निघाला. ह्यो खरा कशावरनं?”

 उत्तर होतं, पण ते ऐकून घेण्याचं कारण मी त्यांना ठेवलं नव्हतं. मी दोन-तीन वेळा गेलो. मॅडमनी फोन केला. ते हसून टाळत राहिले. पुढे काही वर्षांनी त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं. “खरी होती म्हनायची,” एवढंच म्हणाले. ते रागावले नव्हते. पण आपली चूक दुरुस्त केली की ती संपते, असं मी तोवर समजत होतो. तसं नसतं. एकदा खोटा आकडा दिला की पुढचे खरे आकडेही त्याच हातून आलेले म्हणून लोकांना खोटे वाटतात.

अण्णा सौद्यात परत उभे राहिले. जीभ शाबूत होती. उजवं मनगट मात्र नीट जुळलं नाही, वळत नाही. रवा ते डाव्या हाताने फोडायला शिकले. महादेवला अजूनही खारट गूळ कळत नाही, असं ते सगळ्यांसमोर सांगतात आणि महादेव दर वेळी भडकतो.

आमच्या लॅबमध्ये तेव्हापासून एक नियम झाला. बोटाची तपासणी असेल तर आधी साबण आणि पाणी, मग हात कोरडा, मग बाकी सगळं. नवीन येणाऱ्या टेक्निशियनला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. त्यांना ते फार साधं वाटतं. एवढ्यासाठी कशाला वेगळं सांगायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर असतं. आणि पेशंटला आता मी ‘उपाशी आहात का’ एवढंच विचारून थांबत नाही. सकाळपासून हाताने काय केलं, तेही विचारतो. कुणी हार गुंफलेले असतात, कुणी पेढे वळलेले, कुणी नातवाला केळं भरवलेलं. लोक वैतागतात. “रक्त बघायचंय का चौकशी करायचीय?” म्हणतात. दोन्ही करायचं असतं.

अण्णा दरवर्षी येतात. गोळ्यांचं नाव काढलं तरी चिडणारा माणूस, पण वर्षाची तपासणी चुकवत नाही. आत आले की कुणी सांगण्याआधी बेसिनपाशी जातात. आमचा नळ जुना, घट्ट आहे. त्यांच्या उजव्या हाताला तो फिरत नाही, आणि डावा हात गुळाचा असतो. म्हणून नळ मी सोडतो. स्पिरिट नंतर.